आगीचा धोका नगण्य

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, लिफ्टला भिते, दुपारी अवेळी बेल वाजली तरी छातीत धस्स होतं. घरी माझ्या भित्रेपणाची यथेच्छ थट्टा होते आणि मीही हसते, दुसरं करणार काय. ताराताई कोळी माझ्याहून भित्री होती असं मी म्हटलं तर आमच्या तलावावरची एकही बाई विश्वास ठेवणार नाही. पण ती होती. तिच्याइतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

ताराताई आमच्याकडे बायकांना पोहायला शिकवायची. लालबागला जुन्या चाळी पाडून जे टॉवर झाले, त्यातल्या एकाच्या तळमजल्यावर हा तलाव आहे. फी भरून कोणीही यावं असा, कमिटीने चालवलेला. वर पार्किंगचे मजले असल्यामुळे तलावावर आभाळ नाही, छत आहे आणि भर दुपारीही ट्यूबलाइट. आत यायला पुढून एक लांब पॅसेज, त्याला लागून कपडे बदलायच्या खोल्या आणि पंपरूम. मागच्या बाजूला एक अरुंद पॅसेज आणि त्याच्या टोकाला गल्लीत उघडणारं लोखंडी दार. तीन ते चार बायकांची बॅच. मी रिटायर झाले, गुडघ्यांनी संप पुकारला, डॉक्टर म्हणाले पाण्यात चाला, आणि मी जीव मुठीत धरून तिथे दाखल झाले.

ताराताई वरळी कोळीवाड्यातली, साठीला टेकलेली. रुंद खांदे, अंबाड्यात गजरा, गळ्यात शिट्टी. अंगात टी-शर्ट आणि ट्रॅकपँट, तरी गजरा चुकायचा नाही. क्लोरीनच्या वासात तो अबोलीचा गजरा इतका विचित्र दिसायचा की नव्या बायका आधी गजऱ्याकडेच बघत राहायच्या.

पहिल्या दिवशी आम्ही सहा जणी नव्या होतो. नवे कॉश्चूम, नव्या टोप्या, पोटं आत घेऊन काठावर उभ्या. तिनं आम्हाला पाण्यात उतरूच दिलं नाही. म्हणाली, "डोळे मिटा. उजवा हात भिंतीला लावा. चला."

"कुठे?"

"मागच्या दाराच्या पॅसेजपर्यंत. पावलं मोजा."

आम्ही खिदळत, एकमेकींना धडकत निघालो. माझी सत्तावीस पावलं झाली. तिनं परत पाठवलं, पुन्हा चालायला लावलं. तिसऱ्या वेळी मी वैतागून विचारलं, "ताराताई, पोहायला कधी शिकवणार?"

"पाण्यात पडलीस तर मी हाय," ती म्हणाली. "धूर झाला तर मी तुला दिसणार नाय."

मला मनातून हसू आलं. तलावात कसला धूर? पण तिचा चेहरा बघून हसायची सोय नव्हती. तो सगळा आठवडा आम्ही रोज आधी आंधळ्यासारखं चाललो आणि मग पाण्यात उतरलो. माझं आडनाव परब. ती मला परबीण म्हणायची. "परबीण, सत्तावीस झाली का आज, की लांब टांगा टाकल्यास?"

हे वेड फक्त तलावापुरतं नव्हतं. बॅचमधल्या एकीच्या मुलीचं लग्न दादरला होतं, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. आम्ही सगळ्या नटूनथटून गेलो. ताराताई हिरवं रेशमी लुगडं आणि कानात सोन्याचे वजनदार दागिने घालून आली, अगदी बघत राहावं अशी. आल्या आल्या सरबत घेतलं नाही, नवरी बघितली नाही, तडक स्वयंपाकघराकडे गेली. मंगलाष्टकं सुरू झाली तरी पत्ता नाही. मग मागून खर्र खर्र आवाज यायला लागला. वळून बघते तर ही बाई एका हाताच्या मुठीत अक्षता धरून दुसऱ्या हातानं खुर्च्यांची चळत ओढत होती. हॉलवाल्यांनी जादाच्या खुर्च्या मागच्या जिन्याच्या दाराला लावून ठेवल्या होत्या. नवरीचे मामा धावत आले.

"अहो बाई, काय चाललंय हे?"

"तुमचं लगीन चालूद्या. मी दार उघडतेय."

दार उघडलं, जिना उतरून खाली जाऊन आली, मग अक्षता टाकल्या आणि पंगतीत माझ्याशेजारी बसून पोटभर जेवली. आम्ही आठ दिवस तिची नक्कल करत होतो. तिला एवढी भीती कशाची, यावर बॅचमध्ये बरंच बोललं जायचं. कोणी म्हणे शिवडीच्या गोदामात तिची बहीण कामाला होती, आग लागली तेव्हा बाहेरून कडी होती. कोणी म्हणे मैत्रीण. मी कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटली, हेच खरं.

आमच्या तलावाचं मागचं दार हे ताराताईच्या जिवाला लागलेलं दुखणं होतं. आता यात गंमत अशी की त्या दाराला कुलूप लावायला आम्हीच सांगितलं होतं, आम्ही बायकांनी. त्या गल्लीत गणपती मंडळाची पोरं कॅरम खेळत बसतात. दार किलकिलं राहिलं की कोणीतरी डोकावायचं. बायकांनी तक्रार केली आणि कमिटीने नियमच केला की तीनच्या ठोक्याला वॉचमन मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालणार, किल्ली घेऊन पुढच्या गेटवर बसणार आणि चारनंतर ते काढणार. पुरुषांच्या बॅचला दार उघडं, आमच्याच बॅचला बंद. शिवाय आतल्या पॅसेजमध्ये मंडळाचं सामान. बांबू, मखराच्या पट्ट्या, कापडाचे तागे, पुठ्ठ्याचे खांब. गणपती उठले की ते कुठेतरी ठेवायला हवं, आणि कमिटीतले अर्धे लोक मंडळातलेच.

ताराताई रोज सेक्रेटरी दळवींकडे जायची. रोज एकच वाक्य, "साहेब, दार." दळवी माणूस वाईट नाही. चहा पाजायचे, हसायचे आणि शेवटी एकदा म्हणाले, "ताराबाई, आपल्याला सूट मिळालीय. तलावाला आग लागत नाही, हे कागदावर आहे."

त्या दिवशी बॅचनंतर तिनं मला थांबवलं. हातात त्या सूट मिळाल्याच्या कागदाची झेरॉक्स होती. "परबीण, तुला कागदाचं इंग्लिश येतं ना? तलावाला आग लागत नाय हे कोणी लिवलंय, मला बघायचंय."

आता मी कोण, ते सांगते. मी तीस वर्षं दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आमच्या ऑफिसचं मुख्य काम परवानग्यांचं. प्लॉट अरुंद असला, नियमाप्रमाणे जिना बसत नसला, बाहेर पडायचा दुसरा मार्ग पुरेसा रुंद होत नसला, की शिथिलता मागणारा अर्ज करायचा. ते अर्ज मी टाइप करायचे.

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. जागेच्या अडचणीमुळे दुसरा प्रशस्त मार्ग देणं शक्य नाही, तरी मागील अरुंद मार्ग पुरेसा मानून सूट मिळावी, वगैरे. आणि मग ते वाक्य. मराठीत सांगायचं तर, "सदर जागेचा मुख्य वापर पाण्याचा असल्यामुळे आगीचा धोका नगण्य आहे."

खाली सही आमच्या साहेबांची होती. ते वाक्य माझं होतं. साहेबांनी फार पूर्वी एका तलावासाठी ते सांगितलं होतं आणि नंतर कुठलाही तलाव आला की मी तोच परिच्छेद उचलून चिकटवायची. कॉम्प्युटरवर त्या फाईलला मी नाव दिलं होतं, "तलाव नेहमीचं". पत्ता बदलायचा, तारीख बदलायची, साहेबांची सही घ्यायची. तलाव आकाशाखाली आहे की छताखाली, शेजारी पंपरूम आहे की नाही, हे बघायला मी कधी गेले नव्हते. टायपिस्ट कशाला जाईल साइटवर?

"काय लिवलंय?" ताराताईनं विचारलं.

मी तिला अर्जाखालच्या मंजुरीतली अट वाचून दाखवली. सूट दिली आहे, पण आत माणसं असताना मागचं दार किल्लीशिवाय उघडलं पाहिजे आणि तो मार्ग पूर्ण मोकळा पाहिजे.

"मंग सूट कसली?" ती म्हणाली. "हे तर मी बोलतेय तेच हाय. आणि वरचं, आगीचं, कोणी लिवलं?"

"ऑफिसचं असतं ते नेहमीचं," मी म्हणाले.

तिनं अटीच्या ओळीखाली माझ्याकडून पेनाने रेघ मारून घेतली आणि कागद दळवींना नेऊन दाखवला. दळवी म्हणाले, दार उघडं ठेवलं तर बायकाच ओरडतील. ताराताईनं बॅचमध्ये विचारलं. बायका खरंच ओरडल्या. मी केस टोपीत कोंबत राहिले. दुसऱ्या दिवसापासून तिनं पंपरूममधली हातभर लांबीची लोखंडी पहार आणून बुडणाऱ्याला फेकायच्या लाइफबॉयच्या ट्यूबमागे उभी करून ठेवली. कोणी विचारलं तर म्हणायची, असू दे, खात नाय काय.

पुढच्या वर्षी गणपती नुकतेच झाले होते. मंडळाचं सामान पॅसेजमध्ये गळ्यापर्यंत आलं होतं आणि उरलेले रंगाचे, टर्पेंटाइनचे डबे कोणीतरी पंपरूममध्ये, तलावात टाकायच्या पावडरच्या ड्रमांवर ठेवून दिले होते. त्यातला एक डबा गळत होता. ती पावडर आणि तेल एकत्र आलं की कोणी काडी न लावताही पेट घेतं, हे आम्हाला नंतर कळलं.

सव्वातीन वाजले असतील. मी काठाला धरून पाय मारत होते. आधी वास आला, नेहमीचाच क्लोरीनचा, पण नाकात सुई घातल्यासारखा. मग पुढच्या पॅसेजमधून पांढरा धूर आत आला, जमिनीलगत, हळूहळू. कोणी ओरडलं नाही. आम्ही सगळ्या पाण्यातून बघत राहिलो. मला तर तो धूर दिसत असूनही समजत नव्हता.

ताराताईनं शिट्टी वाजवली. "सगळ्या बाहेर. टॉवेल नाय, काय नाय. भिंत धरा."

एक जण मंगळसूत्र लॉकरमध्ये आहे म्हणून पुढे धावली. ताराताईनं तिला कॉश्चूमच्या पट्ट्याला धरून मागे खेचलं. ट्यूबलाइट गेल्या. डोळे उघडे ठेवणं शक्यच नव्हतं, इतके झोंबत होते. मी उजवा हात भिंतीला लावला आणि मोजायला लागले. माझी बोबडी वळली होती, पण आकडे बरोबर येत होते. सत्तावीसला हाताला बांबू लागला. पुढे सगळं सामान. आम्ही त्या कापडांवरून, पट्ट्यांवरून ओल्या अंगानं रांगत गेलो, मागची पुढचीच्या पायाला धरून. सगळ्यात पुढे लोखंडावर लोखंड आपटत होतं. दार बाहेरून बंद. ताराताई फटीत पहार घालून रेटत होती. मागून ढकलणाऱ्या बायका, खोकणाऱ्या बायका, आणि माझ्या डोक्यात देवाचं नाव यायच्या ऐवजी तो एकच शब्द येत होता, नगण्य, नगण्य. मी मरेन असं मला वाटलं, आणि आपणच लिहिलेल्या वाक्यामुळे मरू असं वाटलं.

कडी उपटून निघाली. ऊन आलं. आम्ही एकवीस जणी गल्लीत पडलो.

कोणी मेलं नाही. एकीची नडगी फाटली, एक जण दोन दिवस ऑक्सिजनवर होती. पण त्या क्षणी काय झालं ते सांगायला हवं. समोर कॅरम चालला होता. पोरं उठून उभी राहिली. वरच्या खिडक्या उघडल्या. आणि आम्ही एकवीस बायका, कोणाची सून, कोणाची सासू, भर दुपारी ओल्या कॉश्चूममध्ये लालबागच्या गल्लीत. समोरच्या घरातल्या म्हातारीनं चादरी फेकल्या. पण तोवर कोणीतरी मोबाइल काढला होता.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचला. दुसऱ्या दिवसापासून बायका ताराताईवर चिडल्या. आधी मला खरं वाटेना. धूर बसला असता म्हणे. पाच मिनिटं थांबली असती तर वॉचमन किल्ली घेऊन आला असता म्हणे. एकीच्या नवऱ्यानं तिचं येणं बंद केलं, एकीच्या सासऱ्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं, आणि सगळ्याचं खापर ताराताईवर. अशात दळवी एक कागद घेऊन आले. चौकशी होणार, दाराला कुलूप होतं असं निघालं तर तलाव बंद होईल, बायकांची बॅच तर पहिली जाईल. कागदावर लिहिलं होतं की घटनेच्या वेळी मागचं दार उघडं होतं आणि प्रशिक्षिकेने घाबरून जाऊन गोंधळ केला.

मी सही केली. माझी चौथी होती. चौकशी झाली तर जुने अर्ज निघतील, ते वाक्य कोणी टाइप केलं ते निघेल, पेन्शन अडकेल, असलं काहीबाही डोक्यात होतं. खरं कारण म्हणजे पेन हातात दिलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

ताराताईला काढलं. दाराला नवी, जाड कडी बसली आणि नवं कुलूप. पॅसेज आठ दिवस मोकळा राहिला, मग परत भरला. बॅच सुरू झाली. नवीन मॅडम आल्या, त्या पहिल्याच दिवशी पाण्यात उतरवतात.

मी परत जाणार नव्हते. पण एका दुपारी त्या गल्लीतून जाताना बघितलं, तर लोखंडी दाराशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर ताराताई. पुढ्यात टोपली, टोपलीत जवळा आणि सुके बोंबील.

"धंदा बरा होतो का इथे?" मी विचारलं. तोंड कुठे लपवू असं झालं होतं.

"धंदा कोळीवाड्यात होतो," ती म्हणाली. तिनं टोपलीतला कागद उचलून दाखवला. सुकटीखाली पहार होती.

तीनच्या आधी ती यायची. कोपऱ्यावर उभी राहून पुढच्या गेटने किती जणी आत गेल्या ते मोजायची आणि मग स्टुलावर बसायची. चार वाजता बायका बाहेर पडल्या की परत मोजायची आणि मगच उठायची. मंडळाच्या पोरांना वाटायचं म्हातारीची जागा ठरलेली आहे. दोन वर्षं ती अशी बसली. पावसात प्लॅस्टिक पांघरून बसली. मी परत पोहायला लागले ते ती बाहेर आहे म्हणून. सही केल्याबद्दल तिनं मला एक शब्द विचारला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

शेवटी मीच एक दिवस बोलले. सहीचं नाही, ते तिला ठाऊकच होतं. आगीच्या वाक्याचं. सगळं सांगितलं, फाईलच्या नावासकट. ती बोंबील निवडत होती. हात थांबला नाही.

"तू लिवलंस?"

"हो."

"मंग तूच खोड. वर अर्ज दे. सांग मी लिवलंय आणि ते खोटं हाय. कुलपाचंही सांग."

"सही करावी लागेल, ताराताई. माझ्या नावाची."

"मंग कर. दुसऱ्याच्या सहीसाठी टायपलंस तीस वर्सं."

मी हो म्हणाले. त्यानंतर ती रोज विचारायची, "अर्ज?" आणि मी रोज काहीतरी सांगायची. प्रिंटर बिघडला, पाहुणे आले, पत्ता शोधतेय. अर्ज लिहून तयार होता. पिशवीत घालून मी तो रोज तलावावर नेत होते.

ताराताई आता नाही. झोपेतच गेली, असं तिच्या सुनेनं सांगितलं. तेराव्याहून आले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो अर्ज सही करून दिला, शिक्का मारलेली पोच घेतली. अजून कोणी बघायला आलेलं नाही. मी रोज त्या गल्लीतून जाते. कुलूप आहे.

तिला मी शेवटचं बघितलं ते ती जायच्या चार दिवस आधी. मला सर्दी झाली होती, पाण्यात उतरायचं नव्हतं, म्हणून गल्लीत तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती बरी दिसत नव्हती. पाय सुजले होते, कपाळावर घाम. एका हातानं भिंत धरून बसली होती. आत बॅच चालू होती, दारातून पाण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

"घरी जा, ताराताई," मी म्हणाले. "एक दिवस नाही बसलीस तर काय होतंय?"

"अर्ज दिलास?"

तिच्या त्या सुजलेल्या पायांकडे बघून मला राहवलं नाही. पुन्हा प्रिंटरचं कारण सांगायची लाजही वाटली.

"दिला," मी म्हणाले. "कालच दिला. दोन दिवसांत कुलूप निघेल, म्हणालेत."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. इतक्या वर्षांत ती मला अशी हसताना दिसली नव्हती. "सुटले गं, परबीण," ती म्हणाली. स्टूल उचललं, टोपली काखेत घेतली, पहार त्यातच होती, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. मी हात पुढे केला तर नको म्हणाली. सावकाश चालत गल्लीच्या तोंडाशी गेली आणि वळली.

पावणेचार वाजले होते. आत एकोणीस जणी पाण्यात होत्या.